निवळ, तुरट आणि प्रसन्न

‘निवळणे’ या शब्दातला ‘व’ मला बरीच वर्षे अडवतो आहे. पाणी निवळते, आकाश निवळते, वातावरण निवळते, वर्तमानपत्रांत तर तणावसुद्धा निवळतो. आणि मूळ शोधायला जावे तर समोर संस्कृत ‘निर्मल’ उभा असतो. अर्थ इतका नेमका बसतो की शंका घ्यायला मन धजत नाही. हिंदीत ज्या बीला निर्मली म्हणतात तिलाच आपण निवळी म्हणतो, हा तर साक्षीपुरावाच झाला. पण ध्वनी ऐकत नाहीत. संस्कृतातल्या ‘म’चा मराठीत ‘व’ होतो तो म दोन स्वरांच्या मध्ये एकटा असेल तेव्हा. ग्रामाचे गाव झाले, नामाचे नाव झाले, कोमलाचे कोवळा, श्यामलाचे सावळा, आमलकाचा आवळा. जिथे प्राकृतात दुहेरी ‘म्म’ झाला तिथे मात्र म टिकून राहिला: कर्म, कम्म, काम, चर्म, चम्म, चाम. या हिशेबाने निर्मलाचे ‘णिम्मल’ आणि पुढे ‘निमळ’ व्हायला हवे होते. निवळ कसे झाले?

मला दोन वाटा दिसतात. कोवळा, सावळा, आवळा या ‘वळ’वाल्या भावंडांनी निमळाला आपल्या रांगेत ओढून घेतले असावे, ही एक. दुसरी वाट ‘निवणे’ या क्रियापदाकडे जाते. ताप निवतो, डोळे निवतात, जीव निवतो. या निवण्याचे मूळ ‘निर्वा’, म्हणजे विझणे, शांत होणे. ‘निर्वाण’ त्याच घरातला. ढवळलेले पाणी हळूहळू शांत होते आणि शांत होता होता स्वच्छ दिसू लागते, तेव्हा ते निवले की निर्मळ झाले हे बोलणाऱ्याला वेगळे करून सांगता येणार नाही. रक्त निर्मलाचे आणि चेहऱ्याचे वळण निवण्याचे, असे काहीतरी इथे झालेले दिसते. वाचकांपैकी कोणाला याहून सरळ वाट सापडली तर मला आनंदच होईल.

निवळचाच सख्खा भाऊ ‘निव्वळ’. त्याची चाल मजेदार आहे. निव्वळ म्हणजे आधी भेसळ नसलेले. म्हणून निव्वळ नफा, खर्च वजा जाता उरलेला. पण तोच शब्द ‘निव्वळ थापा’मध्ये गेला की स्वच्छतेचा मागमूस राहत नाही, उरतो तो फक्त ‘केवळ’पणा. फारसीच्या मार्गाने आलेले दोन अरबी शब्द याच रस्त्याने गेले. ‘साफ’ म्हणजे स्वच्छ, आणि आपण म्हणतो ‘साफ खोटे’. ‘खालिस’ म्हणजे शुद्ध. त्याचे ‘निखालस’ झाले आणि तेही ‘निखालस खोटे’मध्ये जाऊन बसले. त्याच खालिसचा दुसरा वंशज ‘खालसा’, म्हणजे मध्ये कोणी भागीदार नसलेला, थेट सरकारचा मुलूख. सगळी भेसळ निघून गेली की एकच गोष्ट उरते, आणि ती खोटी असली तरी चालते, असा या शब्दांचा न्याय असावा.

आता निवळी. कतकाच्या झाडाचे हे बी ओल्या मडक्याच्या आतल्या बाजूला घासायचे आणि मग त्यात गढूळ पाणी भरायचे, ही रीत जुनी आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात याच कतकाचा दृष्टांत येतो: त्याचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणारी सात द्रव्ये सांगितली आहेत. कतक, गोमेद, कमळाच्या मुळाची गाठ, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती आणि मणी. या यादीपेक्षाही तिच्यातल्या क्रियेचे नाव मला जास्त मोलाचे वाटते. ते नाव ‘प्रसादन’.

प्र आणि सद्. सद् म्हणजे बसणे. ‘प्रसन्न’ या शब्दाचा एक जुना, मूर्त अर्थ ‘बसलेले’, आणि त्यावरून गाळ खाली बसल्यामुळे नितळ झालेले पाणी. मन प्रसन्न होते, देव प्रसन्न होतो, ते सगळे या पाण्याच्या उपमेवर उभे दिसते. ‘प्रसाद’ आधी नितळपणा, मग कृपा, मग हातावर पडणारा शिरा. काव्यशास्त्रातला प्रसादगुण मात्र मूळ अर्थाला धरून राहिला: ज्या लिहिण्याचा तळ दिसतो ते प्रसादयुक्त. त्याच सद्‌चे ‘विषाद’ आणि ‘अवसाद’. अवसाद म्हणजे खाली बसणे, म्हणून मनाचे खचणे आणि म्हणून गाळसुद्धा. इंग्रजीतला ‘सेडिमेंट’ लॅटिन ‘सेदेरे’वरून आला, तोही बसणेच, दोघे एकाच आजोबांचे नातू. एकच धातू, एकच क्रिया; पाण्याच्या बाजूने पाहिले की प्रसाद, गाळाच्या बाजूने पाहिले की अवसाद. ही जोडी सापडली त्या दिवशी मला दुसरे काही सुचेना.

पण मग गाळ आपोआप का बसत नाही? लहानपणी आषाढात आमच्याकडे नदीचे पाणी तांबडे येई. रात्री हंड्यात भरून ठेवले तर सकाळी तळाशी रेती आणि जाड माती असे, वरचे पाणी मात्र जसेच्या तसे तांबडे. गणित सोपे आहे. दहा मायक्रॉनचा मातीचा कण तासाभरात हंड्याचा तळ गाठतो. एक दशांश मायक्रॉनचा कण दिवसभरात मिलिमीटरभरही उतरत नाही, आणि तेवढ्यात पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला पुन्हा वर नेतात. असे कण एकमेकांना चिकटून मोठे झाले तर बसतील. ते चिकटत नाहीत, कारण त्यांच्यावर भार आहे, आणि तो सगळ्यांवर एकाच जातीचा आहे.

‘भार’ हा शब्द इथे फार सुंदर बसला आहे. इंग्रजी ‘चार्ज’ हा लॅटिनमधल्या गाडीवरून आला, गाडीत माल भरणे म्हणजे चार्ज. आपला भार भृ धातूचा, वाहण्याचा. पण मराठीत ‘भारणे’ असेही क्रियापद आहे, मंत्राने पाणी भारणे, ताईत भारणे. भारलेली वस्तू स्पर्शावाचून दुरून परिणाम करते. शास्त्रज्ञ ‘भारित कण’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ओझे असेल, माझ्या कानाला मात्र भारलेला कणच ऐकू येतो, आणि तो चुकीचा नाही.

या भाराची जात ऋण. १८०९ साली रॉयस या रसायनज्ञाने मॉस्कोतले आपले प्रयोग प्रसिद्ध केले. ओल्या चिकणमातीत काचेच्या नळ्या खोचून, त्यांत पाणी भरून त्याने विजेचा प्रवाह सोडला, तेव्हा मातीचे कण धन टोकाकडे निघाले. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे संपत्ती. या दोन शब्दांना गणितातले नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली दिले आणि तेच शब्द पुढे विजेच्या कामी आले. आषाढातल्या तांबड्या पाण्यातला प्रत्येक कण असा ऋणको. दोन ऋणको एकमेकांना काय देणार? ते दूर राहतात. मडक्याची भिंतही मातीचीच, म्हणजे तीही ऋणको. कण तिलाही सहज चिकटत नाहीत.

प्रत्येक कणाभोवती पाण्यातल्या धन आयनांचे एक विरळ वलय असते. या रचनेला ‘दुहेरी थर’ म्हणतात. ‘आयन’ या शब्दाशी क्षणभर थांबू या. फॅरेडेने १८३४ मध्ये हा शब्द ग्रीकमधून घेतला, अर्थ ‘जाणारा’. आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातले ‘अयन’ म्हणजेही जाणे. ग्रीक आणि संस्कृत दोन्हीकडे धातू एकच, ‘इ’. त्यामुळे मराठी पाठ्यपुस्तकातला आयन परका दिसत असला तरी घरी परत आलेला आहे.

आणि या सगळ्या मिश्रणाचे नाव ‘कलिल’. स्कॉटिश रसायनज्ञ टॉमस ग्रॅहम याने १८६१ मध्ये ‘कोलॉइड’ शब्द घडवला तो ग्रीक ‘कोल्ला’ म्हणजे सरस, खळ यावरून. पडद्यातून हळू झिरपणारे डिंक-सरसासारखे पदार्थ त्याच्यासमोर होते. आपल्या परिभाषाकारांनी कलिल निवडताना दोन्ही कान उघडे ठेवलेले दिसतात. क आणि ल तर जुळलेच, पण संस्कृतात कलिल म्हणजे मिसळलेले, दाटलेले, वाट न दिसणारे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात हा शब्द मोहाला जोडून येतो आणि शांकरभाष्य त्याचा अर्थ ‘कालुष्य’ असा करते. कलुष म्हणजे तर गढूळच. ग्रॅहमला चिकटपणा दिसला, आपल्याला गढूळपणा, आणि दोघांनी एकाच वस्तूकडे बोट दाखवले. जाता जाता एवढेच: इंग्रजीतले ‘क्ले’ आणि ‘ग्लू’, माती आणि सरस, एकाच धातूची लेकरे मानली जातात. आपली ‘चिकण’माती आणि ‘चिकट’ यांच्यातला शेजार पाहिला की ते पटायला जड जात नाही.

कणांना दूर ठेवणारा भार आहे तशी त्यांच्यात ओढही आहे, व्हॅन डर वाल्सच्या नावाची. ती भार पाहत नाही, फक्त जवळीक पाहते. अगदी जवळ आले की ओढ जिंकते, थोडे लांब असताना भार. या ओढाताणीचा हिशेब रशियात देर्यागिन आणि लांदाउ यांनी १९४१ मध्ये मांडला, नेदरलँड्समध्ये फेर्वे आणि ओव्हरबेक यांनी १९४८ मध्ये, आणि चौघांच्या आद्याक्षरांवरून तो ‘डीएलव्हीओ’ म्हणून ओळखला जातो. त्यातली किल्ली म्हणजे त्या आयनांच्या वलयाची जाडी. लिटरभर पाण्यात मोलचा एक हजारावा भाग मीठ असेल तर ती साधारण १० नॅनोमीटर असते. समुद्राच्या पाण्यात अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी. वलय आक्रसले की कण एकमेकांच्या जवळ येऊ शकतात, आणि जवळ आले की चिकटतात.

कोकणात आणि गोव्यात हे रोज घडते. नदी गोड्या पाण्यातून बारीक माती घेऊन येते, खाडीत खारे पाणी भेटते, प्रवाह मंदावतो आणि मातीचे पुंजके होऊन खाली बसतात. खाजणातल्या त्या मऊ चिखलाला आकार यायला मिठाचाही हातभार लागतो. (‘खाडी’ हा शब्द खाराशी जोडावासा वाटतो, पण त्याचे नाते खड्ड्याशी जास्त दिसते.) खार मात्र निश्चितपणे ‘क्षार’. क्षारामागे परंपरा क्षर् हा धातू पाहते, पाझरणे, विरघळून जाणे; काही जण त्याला जाळण्याशी जोडतात. क्षर् खरा मानला तर जे क्षरत नाही ते ‘अक्षर’. आणि अक्षर ज्याने लिहायचे ती शाई! फारसी ‘सियाह’ म्हणजे काळा, सियाही म्हणजे काळेपणा, तिचीच आपली शाई. जुनी शाई म्हणजे पाण्यात तरंगणारे काजळाचे कण. नुसते काजळ पाण्यात टिकत नाही, गोळा होऊन तळाशी जाते, आणि पाण्यात मीठ असेल तर लवकरच जाते. म्हणून त्यात डिंक घोटायचा. डिंकाचे लांब रेणू कणाभोवती गुंडाळी करून राहतात आणि कण एकमेकांना भिडत नाहीत. क्षारापासून अक्षराचे रक्षण डिंकाने केले, हे वाक्य शब्दांचा खेळ वाटेल, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही ते खरे आहे.

कण गोळा होण्याला मराठीत ‘साकळणे’ असा नेमका शब्द आहे. रक्त साकळते. हा बहुधा ‘संकलन’चा वंशज, सगळे एकत्र करणे. पण पुष्कळ जण ‘साखळणे’ लिहितात, आणि तिथे शृंखलेची साखळी मध्ये घुसलेली दिसते. शुद्धलेखनवाल्यांनी यावर नाक मुरडू नये. सूक्ष्मदर्शकाखाली साकळलेले कण पाहिले तर ते घट्ट गोळ्यासारखे नसतात, फांद्या फुटलेल्या विरळ साखळ्यांसारखेच दिसतात. चुकून शिरलेल्या ‘ख’ने वस्तूचे वर्णन केले आहे. इंग्रजीत अशा पुंजक्यांना लोकरीच्या झुबक्याचे लॅटिन नाव मिळाले, ‘फ्लॉक’; आणि हिंदी परिभाषेने त्या क्रियेला ‘ऊर्णन’ म्हटले, ऊर्णा म्हणजे लोकर. ऊर्णा आणि इंग्रजी ‘वूल’ पुन्हा एकाच कुळातले.

आता ज्या शब्दासाठी मी हा सगळा फेरा घेतला तो ‘तुरटी’. हंड्यात तुरटी फिरवली की तासाभरात पाणी निवळते. मिठाने जे काम व्हायला मूठमूठ मीठ लागेल ते तुरटीच्या चिमटीत होते, कारण मिठाच्या सोडियमवर एक धन भार, तर तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन. आर्सेनिक सल्फाइडच्या कलिलावर मोजलेले आकडे प्रसिद्ध आहेत. ते साकळायला सोडियम क्लोराइड लिटरला ५१ मिलिमोल लागते, मॅग्नेशियम क्लोराइड ०.७२ आणि ॲल्युमिनियम क्लोराइड फक्त ०.०९३. शुल्झ आणि हार्डी यांच्या नावाचा नियम तो हाच: आयनावरचा भार वाढत गेला की लागणारी मात्रा झपाट्याने उतरत जाते. भर म्हणून ॲल्युमिनियम पाण्याशी मिळून जेलीसारखे पुंजके करते आणि ते खाली जाता जाता वाटेतले कण झाडून नेतात. हा धनको असा की कर्ज फेडतो आणि ऋणकोंना हाताला धरून खाली बसवतोही.

इतर भाषांनी या वस्तूचे नाव डोळ्यांनी ठेवले. तिचा खडा स्फटिकासारखा दिसतो, म्हणून स्फटिका. तिचीच हिंदी फिटकरी, गुजराती फटकडी, तेलुगू पटिक, तमिळ पडिकारम्. मराठीने मात्र नाव जिभेने ठेवले. आंबट, खारट, कडवट यांच्या रांगेतला तुरट, आणि तुरट ती तुरटी. पाठीमागे संस्कृत ‘तुवर’ आहे, आणि या तुवराच्या स्त्रीलिंगी रूपाने गंमत केली आहे: ‘तुवरी’ म्हणजे तुरटीची मातीही आणि तुरीची डाळही. आमटी आणि तुरटी एका शब्दात! संस्कृताने हा शब्द दक्षिणेकडून घेतला असावा. तमिळमध्ये ‘तुवर्’ म्हणजे तुरटपणा आणि ‘तुवरै’ म्हणजे तूर. कानडीत तुरीला तोगरी म्हणतात.

तुरट ही चव म्हणायला चव, पण ती खारट-गोडासारखी नाही. कच्चे केळे, सुपारी, हिरडा खाल्ला की जीभ आवळल्यासारखी, खरखरीत होते. आयुर्वेदाने तिला सहा रसांत बसवले; इंग्रजी शब्द लॅटिनमधल्या आवळण्यावरून आला. होते असे, की लाळेत काही प्रथिने विरघळलेली असतात आणि त्यांच्यामुळे तोंड निसरडे राहते. हिरड्यातले टॅनिन किंवा तुरटी त्यांना बांधते, ती साकळतात, जिभेवरचा निसरडा थर तुटतो आणि जीभ टाळूला घासू लागते. म्हणजे आपण ज्याला तुरट म्हणतो ती लाळ निवळल्याची जाणीव आहे! हंड्यातल्या पाण्याचे जे होते त्याचेच धाकटे भावंड तोंडात घडते. दाढीनंतर न्हावी कापल्या जागी तुरटी फिरवतो, तिथे रक्त साकळते, तेही हेच. ज्या कोणी या खड्याला जिभेवरून नाव दिले त्याने त्याचे रूप सोडून त्याचा गुणधर्म पकडला. रसायन न शिकता साधलेली ही नेमकी परिभाषा आहे, असे मी मनापासून मानतो.

संस्कृतात तुरटाचा दुसरा, जास्त चालता शब्द ‘कषाय’. आणि ‘काषाय’ म्हणजे संन्याशाचे भगवे-तांबूस वस्त्र. चवीचा आणि रंगवलेल्या कापडाचा संबंध काय? कोशकारांनी दोन अर्थ शेजारी ठेवून दिले; रंगाऱ्याला विचारले तर तो हसेल. तुरट सालींचा काढा रंगही देतो आणि रंग पक्काही करतो. सुताचा धागा पाण्यात मातीच्या कणासारखाच ऋण भाराचा. रंगही पुष्कळदा तसाच. दोघे एकमेकांना धरत नाहीत, मध्ये तुरटी आली की धरतात, आणि मग धुतले तरी सोडत नाहीत. तमिळ तुवर् याला साक्ष देतो, कारण त्याच शब्दाचा आणखी एक अर्थ तांबडा रंग, आणि ‘तुवराडै’ म्हणजे काव लावलेले तांबूस वस्त्र. दोन वेगळ्या भाषाकुळांत तुरट आणि रंगीत एकाच शब्दात राहतात, हा योगायोग नसावा.

जैन तत्त्वज्ञांनी हा शब्द उचलला आणि फार दूर नेला. क्रोध, मान, माया, लोभ हे त्यांचे चार कषाय. तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायाप्रमाणे कषाययुक्त जीव कर्माचे पुद्गल, म्हणजे सूक्ष्म कण, ओढून घेतो आणि त्यालाच बंध म्हणतात. कण सगळीकडे भरलेले आहेत, पण ते पृष्ठभागाला चिकटतात ते मध्ये कषाय असेल तरच. टीकाकारांनी इथे कधी ओल्या वस्तूवर बसणाऱ्या धुळीचा, कधी रंग धरणाऱ्या कापडाचा दृष्टांत दिला आहे. ग्रॅहमच्या ‘कोल्ला’पासून, त्या सरसापासून, हे किती लांब आहे?

आणि पुन्हा त्या ‘व’कडे. तुवरातला व मराठीने गिळला आणि तूर, तुरट, तुरटी केले. निर्मलात व नव्हता, तो कुठून तरी आणून निवळमध्ये बसवला. निवळी घासलेल्या मडक्यातले पाणी पाहताना अजूनही मला वाटते की ते आधी निवले असावे आणि मग निर्मळ झाले असावे.